‘डर्टी’ला मराठीत काय म्हणायचे : हाउसकीपिंग पुस्तिकेच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४, पणजी

काम हाती आले. हॉटेलांत हाउसकीपिंगला लागणाऱ्या मुलामुलींसाठी इंग्रजीत एक प्रशिक्षण पुस्तिका आहे, ती मराठीत आणायची. शिकणारी बहुतेक पेडणे, डिचोली, सत्तरीकडची. काही दोडामार्ग-सावंतवाडीहून बसने ये-जा करणारी. घरात कोंकणी नाहीतर मालवणी, पण प्राथमिक शाळा मराठीतून झालेली आणि पेपर वाचायचा तर मराठीच. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीलाही जागा राहिली, त्या वादात इथे शिरत नाही. छापलेले मराठी ही मुले न अडखळता वाचतात, आम्हाला तेवढे पुरे.

गट छोटा. मजकूर माझ्याकडे. भाषा तपासायला फोंड्याच्या एक निवृत्त शिक्षिका, त्यांना सगळे नुसते बाईच म्हणतात. हॉटेलातले व्यवहार सांगायला कळंगुटला सुपरवायझर असलेल्या मावशी, मूळच्या पेडण्याच्या.

पहिल्या वाचनात एकाच शब्दाखाली रेघा मारत गेले : ‘डर्टी’. खोल्यांच्या प्रकरणात आहे, लाँड्रीत आहे, किचनमध्ये, बारमध्ये, संगणकात, शिवाय वर्तणुकीच्या नियमांतही. सगळीकडे ‘घाणेरडा’ लिहिले तर पुस्तिका हसण्यावारी जाईल. तेव्हा या शब्दाची वेगळी वही उघडली. ही तीच वही.

५ जून

खोल्यांच्या खुणा. ‘व्हीसी’ म्हणजे रिकामी आणि साफ, ‘व्हीडी’ रिकामी आणि डर्टी, ‘ओसी’ पाहुणा आहे आणि साफ, ‘ओडी’ पाहुणा आहे आणि डर्टी. शिवाय दुरुस्तीसाठी बंद ठेवलेली ‘ओओओ’. सकाळी सुपरवायझरच्या हातात जो कागद येतो त्यावर खोलीचा नंबर आणि पुढे ही अक्षरे. त्यावरून कुणाला कोणत्या खोल्या द्यायच्या ते ठरते.

‘रिकामी अस्वच्छ’ असा कच्चा मजकूर लिहिला. बाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “अगो, हे पंचायतीच्या नोटिशीसारखे लागते.” खरे आहे. पण त्याहून मोठी अडचण वेगळी आहे, ती हॉटेलात जाऊन बघितल्याशिवाय सुटणार नाही.

११ जून, कळंगुट

पाऊस. सीझन संपलेला, निम्म्या खोल्या बंद, त्यामुळे मावशींना वेळ होता. त्यांनी मला एक ‘व्हीडी’ खोली उघडून दाखवली. पाहुणा रात्री उशिरा आला आणि पहाटेच्या विमानासाठी निघून गेला. पलंगावरची चादर ताणलेली, उशीला खळगा नाही, बाथरूमची फरशी कोरडी, ग्लासांवरची कागदी टोपणे जशीच्या तशी. माझ्या घरची बैठकीची खोली इतकी स्वच्छ कधीच नसते.

“मग ही डर्टी कशी?” मी विचारले.

मावशी म्हणाल्या, “कूड म्हेळी ना, पूण करपाक जाय.”

खोली मळलेली नाही, पण करायला हवी. ‘करणे’ हे इथले क्रियापद आहे. रूम साफ करतात असे कुणी म्हणत नाही, रूम ‘करतात’. का करायची, तेही त्यांनी दाखवले. ग्लास उचलून उजेडाकडे धरला. काठावर ओठाचा पुसट ठसा होता. पाणी पिऊन टोपण परत घातलेले. चादरीच्या पायथ्याशी बसल्याची एकच सुरकुती. न्हाणीघराच्या जाळीत एक केस. आत माणूस येऊन गेला की काय हाताळले आणि काय नाही हे सांगता येत नाही, म्हणून सगळेच काढायचे : चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, ग्लास. मग पुसणे, वरून खाली, आधी कोरडे मग ओले. मग सुपरवायझर बघणार आणि तिने हिरवा कंदील दिला की खोली ‘व्हीसी’.

आणखी एक गोष्ट फ्रंट ऑफिसच्या मुलाने सांगितली, तिने माझे डोळे उघडले. पाहुण्याने चेकआउट केले की सॉफ्टवेअर खोली आपोआप डर्टी दाखवते, एवढे मला ठाऊक होते. पण रात्री हिशेब बंद करून तारीख पुढे ढकलली की ज्या ज्या खोल्यांत पाहुणे आहेत त्या सगळ्या एका क्षणात साफच्या डर्टी होतात. खोलीत कुणी शिंकलेलेसुद्धा नाही. दिवस बदलला, एवढेच कारण.

१२ जून

बाईंना फोनवर कालचे सगळे सांगितले. पलीकडे जरा शांतता, मग : “म्हणजे पारोशी खोली गं!”

आता हा शब्द मला कसा सुचला नाही! पारोसे घर म्हणजे सकाळचा केर न काढलेले घर. पारोसे अंग म्हणजे आंघोळ न झालेले. घर काल संध्याकाळी कितीही लखलखीत असो, उजाडले की ते पारोसे. केरसुणी फिरेपर्यंत पारोसेच राहणार. हॉटेलचे सॉफ्टवेअर रात्री बारानंतर जे करते ते आमच्या आज्या पहाटे करत होत्या.

१४ जून

‘पारोसे’ वापरायचे का, यावर बैठक. बैठक म्हणजे मी, बाई आणि चहा.

‘ओवळे’ही विचारात घेतले. अर्थाने तेही जवळ येते. ओवळे कपडे धुतलेले, इस्त्री केलेले असू शकतात आणि तरी ओवळेच. पण तो शब्द आम्ही बाद केला. सोवळ्याओवळ्यामागून विटाळ येतो, आणि विटाळ कुणाला चिकटवला गेला हे सगळ्यांना माहीत आहे. ज्या पुस्तिकेतून मुले दुसऱ्याच्या चादरी काढायला शिकणार, तिच्यात तो शब्द नको. बाई या बाबतीत माझ्याहून कडक निघाल्या. ‘पारोसे’ला मात्र त्यांची हरकत नाही : पारोसे कुणीही असते, राजासुद्धा सकाळी उठतो तो पारोसाच.

समाजशास्त्र शिकलेल्या एका मैत्रिणीने मेरी डग्लसची आठवण करून दिली. या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ साली मांडले की घाण ही वस्तूत नसते. वस्तू भलत्या जागी गेली की आपण तिला घाण म्हणतो. वहाण दारात ठीक, जेवणाच्या टेबलावर घाण. विचार मोठा आहे आणि न्हाणीघरातल्या केसाला चपखल बसतो. पण ‘ओडी’ खोलीत जागेवरून काहीच हललेले नाही. तिथे हललेली असते ती वेळ. शेवटच्या तपासणीनंतर काळ गेला आणि त्या काळाची हमी कुणी देत नाही. जागेच्या घाणीबरोबर ही काळाची घाण वहीत वेगळी मांडली.

१८ जून

शब्दाचे मूळ बघितले. ‘डर्ट’ हा जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘ड्रिट’वरून आलेला, अर्थ सरळ विष्ठा. मधल्या काळातल्या इंग्रजीत तो ‘ड्रिट’च होता, पुढे र आणि इ यांनी जागा बदलल्या. नुकसानचे नुस्कान होते तसेच. ‘बर्ड’ही आधी ‘ब्रिड’ होता म्हणे. पुस्तिकेला उपयोग शून्य, पण शिवी म्हणून या शब्दाला इतकी धार का, ते कळले.

२४ जून

सांजाव, म्हणजे सेंट जॉनचा सण. दुपारनंतर कामाला कुणी मिळणार नव्हतेच. माझ्या गल्लीत पोरे डोक्यावर पानाफुलांची कोपेल घालून विहिरीत उड्या मारत होती आणि बाहेर येऊन चिखलात लोळत होती.

यावरून ‘डर्ट’ची दुसरी शाखा. अमेरिकन माणसाला ‘डर्ट’ म्हणजे नुसती माती. त्यांचा ‘डर्ट रोड’ म्हणजे आपला मातीचा रस्ता, त्यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. ‘डर्ट चीप’ला तर मराठीत तयार जोडीदार आहे, मातीमोल. पण सोने शोधणाऱ्या अमेरिकन खाणवाल्यांनी ‘पे डर्ट’ असाही शब्द केला : जी माती धुतली तर पैसे सुटतील ती. मी डिचोलीची, त्यामुळे हे वाचून हसू आले. आमच्याकडे खनिज काढताना कमी लोहाची म्हणून बाजूला टाकलेल्या मातीचे डोंगर उभे राहिले होते. २००० नंतरच्या दशकात चीनची मागणी वाढली आणि त्याच डोंगरांना गिऱ्हाईक आले. २०१२ साली खाणी बंद झाल्या आणि ते पुन्हा नुसते डोंगर झाले. माती तिथेच होती, तसूभर हलली नाही.

२ जुलै

सकाळपासून वीज जात-येत होती. कळंगुटला फ्रंट ऑफिसच्या जुन्या संगणकावर काळा पडदा आणि त्यावर इंग्रजीत ओळ : व्हॉल्यूम इज डर्टी. नवी मुलगी घाबरली. तिला वाटले व्हायरस. तिथल्या आयटीवाल्या दादाने समजावले, ते इथे उतरवून ठेवते कारण संगणकाच्या प्रकरणाला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

डिस्कवर एक छोटी खूण असते. लिहायचे काम अर्धवट असताना वीज गेली तर ती खूण तशीच राहते. संगणक पुन्हा सुरू होताना ती बघतो आणि आधी डिस्क तपासायला घेतो. डिस्क बिघडलीच आहे असे नाही, पण ती ठीक आहे असे छातीठोक सांगता येत नाही म्हणून तपासणी. मेमरीतही तेच : डिस्कवरून मेमरीत आणलेल्या पानात, म्हणजे माहितीच्या एका तुकड्यात, बदल झाला आणि तो डिस्कवर परत उतरवलेला नाही, तर ते पान डर्टी. डेटाबेसमध्ये ‘डर्टी रीड’ असते. एकाने खोलीचे बुकिंग नोंदवायला घेतले आहे, पक्के केलेले नाही, आणि तेवढ्यात दुसऱ्याने ती नोंद वाचून पाहुण्याला सांगितले की खोली गेली. पहिल्याने नोंद रद्द केली तर दुसऱ्याने वाचलेले खोटे ठरले.

दादाला विचारले, याला मराठीत काय म्हणशील? तो म्हणाला, “कच्ची नोंद.” कच्चे बिल, कच्ची पावती, कच्चा हिशेब, दुकानदाराच्या तोंडचा शब्द. ताबडतोब घेतला.

९ जुलै, म्हापसा

लाँड्री. हा दिवस पुस्तिकेतले निम्मे प्रकरण देऊन गेला.

मोठ्या लाँड्रीला दोन बाजू असतात. मळके कपडे एका दाराने येतात, धुतलेले दुसऱ्या दाराने जातात आणि दोन्ही बाजूंची माणसे, ट्रॉल्या, पिशव्या एकमेकांत मिसळू द्यायच्या नाहीत. इंग्रजी पुस्तिका यांना ‘डर्टी साइड’ आणि ‘क्लीन साइड’ म्हणते. म्हापशाचे मालक साधेपणाने ‘आवकेची बाजू’ आणि ‘जावकेची बाजू’ म्हणतात. हे चांगले आहे. आवकेच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या मुलीला कुणी डर्टी साइडची म्हणून हाक मारणार नाही.

मग डाग. मालकांनी टेबलावर पांढऱ्या चादरी पसरल्या. पहिली, लाल मातीची. जांभ्याच्या मातीत लोहाची संयुगे असतात, तोच तिचा रंग. तिला आधी ओले करायचे नाही. वाळू द्यायची, झटकायची, ब्रशने काढायची, मग पाणी. आणि क्लोरीनचे ब्लीच तर अजिबात नाही. ब्लीच लोहाचा डाग काढत नाही, उलट पक्का करते. लागतेच तर ऑक्झॅलिक आम्लासारखे गंज काढणारे औषध, हातमोजे घालून, आणि नंतर भरपूर पाण्यात खळबळणे.

दुसरी चादर जास्त गमतीची. उशीच्या बाजूला तांबूस-पिवळे ठिपके. नवा मुलगा म्हणाला, गंज. मालक म्हणाले, “उशीला गंज खंयचो?” हा सनस्क्रीनचा डाग. उन्हापासून वाचवणाऱ्या कित्येक मलमांत एव्होबेन्झोन नावाचे रसायन असते. अंगाला लावून पाहुणा समुद्रावरून येतो आणि तसाच आडवा होतो. चादरीवर तेव्हा फक्त तेलकट ओल दिसते, कधी तीही दिसत नाही. धुण्याच्या पाण्यात लोह असले, बोअरच्या पाण्यात ते पुष्कळदा असते, की त्या रसायनाची लोहाशी गाठ पडते आणि डाग धुतल्यानंतर उमटतो. धुवायला टाकली तेव्हा पांढरी, बाहेर काढली तेव्हा डागळलेली! मुलगा घाबरून ब्लीच ओततो आणि चादर कायमची जाते. उपाय असा : आधी साबणाच्या दाट पाण्यात भिजवून तेल सोडवायचे, मग गंजाचे औषध, ब्लीचची बाटली कपाटात. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत याने किती लिनन बाद होते, ते मालकांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

डोळ्यांना न दिसणारी घाण हा त्यांचा पुढचा विषय. ब्रिटनच्या रुग्णालयांचा नियम त्यांनी भिंतीवर लावला आहे : ६५ अंश सेल्सिअसला किमान १० मिनिटे किंवा ७१ अंशांना किमान ३ मिनिटे. यंत्र तापायला लागणारा वेळ यात धरायचा नाही. हॉटेलांना तो बंधनकारक नाही, पण मालक त्याला धरून चालतात.

धुण्यावरून भाषेकडे. वास्कोच्या एका जुन्या गृहस्थांकडून ऐकलेली पोर्तुगीज म्हण अशी की मळकी धुणी घरातच धुवावीत. इंग्रजीतही मळके लिनन चारचौघांत धुऊ नये म्हणतात. आपण म्हणतो ‘एकमेकांची धुणी धुतली’, आणि त्यात धुणाराच वाईट दिसतो.

१६ जुलै

बार. इथे सगळे उलटेच. ‘डर्टी मार्टिनी’ म्हणजे ऑलिव्हच्या बरणीतले खारे पाणी घातलेली मार्टिनी. त्या पाण्याने पेय गढूळ दिसते म्हणून हे नाव. ‘एक्स्ट्रा डर्टी’ म्हणजे खारे पाणी जास्त. मसाला चहात एस्प्रेसो घातली की ‘डर्टी चाय’. पाहुण्याने डर्टी मागितले तर ग्लास बदलायला धावू नका, अशी एक ओळ टाकली. बाईंनी ती पुसून परत ठेवली. अनुवाद नाही, शब्द तसाच.

२२ जुलै

वर्तणुकीचे प्रकरण. सगळ्यांत अवघड.

मूळ मजकुरात ‘डर्टी जोक्स’ करू नयेत असे आहे. ‘चावट विनोद’ लिहून पाहिले. चावट या शब्दात लाड आहे; नातवंडांना आपण चावट म्हणतो. खोलीत एकट्या असलेल्या मुलीला पाहुणा किंवा मुकादम काहीबाही बोलला, तर ते चावट नव्हे. २०१३ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी लैंगिक शेरेबाजी हा छळच धरला आहे, आणि दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची. म्हणून ‘अश्लील बोलणे, लैंगिक शेरे मारणे’ असेच लिहिले आणि समितीची माहिती त्याच पानावर चौकटीत घेतली. मूळ पुस्तिकेत ती शेवटच्या परिशिष्टात होती, तिथे कुणी पोचत नाही.

बाकीचे वाक्प्रचार तासाभरात निघाले, कारण मराठीत त्यांची घरे आधीच बांधलेली आहेत. ‘प्लेइंग डर्टी’ला रडीचा डाव. ‘क्विक अँड डर्टी’ला कामचलाऊ. कुणाची ‘डर्ट’ खणून काढणे म्हणजे अंडीपिल्ली बाहेर काढणे. ‘डर्टी ओल्ड मॅन’ला म्हातारचळ पुरेसा आहे. ‘डर्टी मनी’ला आपण घाण म्हणतच नाही, रंग देतो : काळा पैसा. ‘डर्टी लुक’वर मात्र आमचे एकमत झाले नाही. डोळे वटारण्यात राग येतो, नाक मुरडण्यात तुच्छता. हवे ते दोन्हींच्या मधले काहीतरी. मावशींनी तो अभिनय करून दाखवला, शब्द दिला नाही.

३० जुलै

पुस्तिकेत जाणार नाही, पण वहीत राहू दे. शेजारचे काका मुरगाव बंदरात जहाजांच्या कागदपत्रांचे काम करायचे. त्यांच्या धंद्यात ‘डर्टी टँकर’ म्हणजे कच्चे तेल किंवा जळाऊ तेल नेणारा, ‘क्लीन टँकर’ म्हणजे पेट्रोल, डिझेल, नॅफ्था असा शुद्ध केलेला माल नेणारा. लंडनच्या बाल्टिक एक्स्चेंजचे भाड्याचे निर्देशांकही याच दोन नावांनी वेगवेगळे निघतात. डर्टी माल नेलेल्या टाक्यांत क्लीन माल भरायचा तर आधी टाक्या धुवाव्या लागतात आणि तो खर्च मोठा. बिल ऑफ लेडिंगलाही, म्हणजे माल जहाजावर चढवल्याच्या पावतीलाही, हे विशेषण लागते : मालाच्या गोणी फाटलेल्या, भिजलेल्या आढळल्या आणि जहाजाच्या कप्तानाने तसा शेरा मारला की ते बिल डर्टी. बँक अशा कागदावर सहसा पैसे सोडत नाही. कागद कोरा करकरीत असतो हो, काका म्हणाले, शेऱ्यानेच तो मळतो.

त्यांच्या मुलाने, तो मुंबईत रोख्यांच्या व्यवहारात आहे, फोनवर आणखी भर घातली. रोख्याची ‘क्लीन’ किंमत म्हणजे नुसती किंमत, आणि मागच्या हप्त्यापासून आजपर्यंत साठलेले व्याज मिळवले की ‘डर्टी’ किंमत. दर रोज थोडी वाढत जाणारी, व्याज वाटले की पुन्हा साफ होणारी. मी त्याला म्हटले, ही तुमची पारोशी किंमत. तो बराच वेळ हसत होता.

६ ऑगस्ट

प्रस्तावनेतले एक वाक्य : हाउसकीपिंग हे ‘डर्टी वर्क’ आहे असे समजू नका. भाव चांगला आहे. पण मराठीत ‘हे घाणेरडे काम आहे असे समजू नका’ लिहिले की वाचणाऱ्या मुलीच्या मनात ते पहिल्यांदा तिथेच शिरते. आपल्याकडे घाणीचे विशेषण वस्तूवरून कामावर आणि कामावरून माणसावर किती सहज सरकते, ते सांगायला नको. हाताने मैला साफ करायला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी घातली, तरी गटारांत माणसे उतरवली जातातच.

वाक्य काढून टाकले. नियम ठरवला : मळके, खराब, डागाळलेले ही विशेषणे चादर, फरशी, ग्लास, पाणी यांनाच लागतील, काम, पाळी, विभाग आणि माणूस यांच्याआधी कधीच नाही. मावशींना नियम वाचून दाखवला. त्यांनी मान हलवली आणि विचारले, “आणि पाहुण्यांका लावंक जाता?”

१३ ऑगस्ट

किचन. इंग्रजी मजकूर ‘क्लीन’ आणि ‘सॅनिटाइझ’ वेगळे मानतो, आणि ते वेगळे मानलेच पाहिजे. साबणाने घासले की चिकटपणा जातो. जंतू मारायला त्यानंतर वेगळे द्रावण किंवा उष्णता. क्रम उलटा करून चालत नाही, कारण अन्नाचे कण शिल्लक असले तर क्लोरीन त्यांच्यावरच खर्च होते. म्हणून ‘घासा, खळबळा, मग निर्जंतुक करा’. मराठीला इथे बळ आहे : खरकटे वेगळे, उष्टे वेगळे, ओशट वेगळे, मेणचट वेगळे. इंग्रजीच्या एका ‘डर्टी प्लेट’ला चार शब्द, आणि चारांचे धुणे वेगळे.

सांडपाणी आणि मैलापाणी हाही असाच फरक, तो आपल्या नगरपालिकांच्या भाषेत तयारच होता.

फडक्यांचे रंग : लाल संडासासाठी, पिवळे बेसिनसाठी, निळे खोलीसाठी, हिरवे किचनसाठी. आणि ठळक अक्षरांत, पानाच्या वरच : ब्लीच आणि संडासाचे ॲसिड एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही ओतले की जास्त स्वच्छ होते अशी समजूत घराघरांत आहे.

२० ऑगस्ट

कच्ची प्रत शिकणाऱ्यांच्या हाती दिली. ‘पारोशी खोली’ वाचून मुलांचे चेहरे कोरे. सत्तरीच्या एका मुलीला मात्र लगेच कळले. तिची आजी पारोशा ओट्यावर चहासुद्धा ठेवू देत नाही. तिने बाकीच्यांना दोन वाक्यांत समजावले, माझ्या परिच्छेदापेक्षा नीट. तिचेच शब्द घेतले : “काल झाडली होती, आज झाडायची आहे, ती पारोशी.”

दोडामार्गचा एक मुलगा म्हणाला, “पण वॉकीटॉकीवर काय बोलायचे? ३०४ पारोशी?” सगळे हसले. प्रश्न बिनतोड होता.

२९ ऑगस्ट

ठरले. खुणा इंग्रजीच राहतील, व्हीडी, ओडी, बोलताना ‘डर्टी’च. मजला आणि फ्रंट ऑफिस यांच्यात रोज हाच शब्द धावतो आणि दुसऱ्या हॉटेलात नोकरी मिळाली तरी तोच भेटणार. पण तक्त्याच्या खाली, समजावताना, ‘डर्टी म्हणजे पारोशी : स्वच्छ दिसली तरी करायची’ ही ओळ. संगणकाला कच्ची नोंद. लाँड्रीला आवक-जावक. किचनला खरकटे, उष्टे, ओशट. ‘घाणेरडा’ हा शब्द साऱ्या पुस्तिकेत कुठेच उरला नाही, हे शोध मारल्यावर कळले.

बाईंना ‘करायची’ हे क्रियापद अर्धवट वाटत होते. रूम काय करायची? मावशींनी सांगितले, तेच ठेवा, सगळ्यांना कळते. ठेवले.

४ सप्टेंबर

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर. घरोघर साफसफाई चालू, छापखान्याचा माणूस माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांचे, सामान आणायला बाजारात पळालेला. प्रत त्याच्या टेबलावर ठेवून आले. दीड दिवसाचे विसर्जन झाले की छपाईला घेणार म्हणाला.

म्हापशाच्या मालकांचा निरोप : डागांचे प्रकरण सुटे छापून लॅमिनेट करून मिळेल का, वॉशिंग मशीनच्या वर चिकटवायला. द्यायचे ठरवले. सनस्क्रीनच्या डागाचा रंगीत फोटो हवा, त्यासाठी त्यांनी एक बाद चादर राखून ठेवली आहे. लॅमिनेशनचा दर विचारायचा आहे.